छातीचं दुखणं गुडघ्यावर

हे लिखाण कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून करतोय, असं मी सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "लिहा. पण खरं लिहा. नाहीतर त्यातही तुमचा गुडघाच दुखेल." त्यामुळे आता खरं लिहिणं भाग आहे. ज्यांना हृदयाचा झटका येऊन गेलाय, त्यांना शिरा, जाळ्या आणि गोळ्या यांबद्दल डॉक्टर सांगतीलच. लाजेबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

धावणारे आणि सायकलवाले

आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. आमची बिल्डिंग म्हणजे अर्धं मालवण. वडील गिरणीत होते, शेजाऱ्यांचे वडीलही गिरणीत. गिरण्या बंद पडल्या, परळच्या खोल्या गेल्या, तसं एकेक बिऱ्हाड इकडे सरकलं. मी एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात काम करतो. पण बिल्डिंगमध्ये मला कुरियरवाला म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे मी कॅप्टन. आमच्या धावणाऱ्या ग्रुपचा कॅप्टन दिगू.

दिवाळी संपली की मुंबईत जी काय थंडी पडते, तिला थंडी म्हणणं म्हणजे तिचे लाड करणं आहे. तरी आम्ही ते करतो. आरेच्या रस्त्यावर पहाटे माकडटोप्या घातलेली माणसं दिसायला लागतात आणि मग दोन पक्ष पडतात. एक आमचा, धावणाऱ्यांचा. दुसरा सायकलवाल्यांचा. हेल्मेट, गॉगल, मागे गादी शिवलेल्या चड्ड्या. दर हिवाळ्यात गेटवरच्या चहाला तोच वाद, की दमसास वाढवायचा तर धावणं बरं का सायकल बरी?

माझं उत्तर ठरलेलं. "सायकल म्हणजे बसून केलेला व्यायाम. बसायचंच असेल तर ऑफिस काय वाईट आहे?" आमची पोरं हसायची. सायकलवाले म्हणायचे, "कॅप्टन, गुडघे गेले की ये आमच्याकडे. कॅरिअरवर बसवून फिरवू." मलाही हसू यायचं. माझे गुडघे ठणठणीत होते. गुडघे आजही ठणठणीत आहेत.

बांगडा नको

ऑक्टोबरचा उकाडा होता. रविवारी सकाळी आरेच्या चढावर छातीवर कुणीतरी पाट ठेवून त्यावर बसावं तसं झालं. डावा जबडाही दुखायला लागला. मी वेग कमी केला, घरी आलो आणि आमसुलाचं पाणी प्यायलो. आमच्या घरात गळ्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखलं तर ते पित्त असतं, आणि पित्तावर आमसूल. एक पेला झाला, आंघोळ झाली, दुसरा पेला झाला. घाम काही थांबेना.

सुजाता बांगडे तळत होती. मी म्हटलं, "मला नको. वास सहन होत नाही."

तिने गॅस बंद केला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. "बांगडा नको? उठा. चप्पल घाला. दवाखान्यात."

मी खूप वाद घातला. ती ऐकेना. शेवटी रिक्षा बोलवली, तेव्हा मी तिला म्हणालो की मागच्या गेटने जाऊ. पुढच्या गेटवर ग्रुप चहा पीत उभा होता. माझा हात छातीवर होता, अंगातलं बनियन भिजलेलं होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की ह्यांनी मला असं बघता कामा नये. रिक्षा मोठा वळसा घालून मागच्या गेटला आली. तो वळसा आठवला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

हॉस्पिटलात ईसीजी काढला. डॉक्टर मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा, मानसीपेक्षा थोडीच मोठी. ती म्हणाली, "काका, हार्ट अटॅक आहे. आत्ता चालू आहे."

मी म्हणालो, "डॉक्टर, मी धावतो."

चुकून दुसऱ्याच माणसाला पकडलंय, अशा सुरात मी ते म्हणालो. ती म्हणाली, "बरं. आता झोपा."

मग घरच्यांचं विचारलं. वडील आहेत का, कशाने गेले. मी म्हणालो, "पित्ताने." ती लिहायची थांबली. "काका, पित्ताने कोण मरत नाही." वडील पन्नाशीतच गेले होते. गिरणीतून घरी आले, छातीत जळजळतंय म्हणाले, आईने आमसुलाचं पाणी दिलं आणि ते भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. घरात सगळे पित्त म्हणत आले, म्हणून मीही म्हणत आलो. त्या टेबलावर झोपल्या झोपल्या मला पहिल्यांदा कळलं की माझे वडील कशाने गेले.

पडदा

हॉस्पिटलातलं थोडंच सांगतो. अँजिओग्राफीच्या आधी वॉर्डबॉयने जांघेतले केस काढले. तो आपला गाणं गुणगुणत होता आणि मी छताकडे बघत होतो. मग शिरेत जाळी बसवली. मग पलंगावरून उठायचं नाही, सगळं जागेवर. ज्या माणसाने आदल्या आठवड्यात चाळीस जणांना वॉर्मअप करवला होता, त्याला वॉर्डातल्या मावशी भांडं आणून देत होत्या. मला होईना. सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिने पडदा ओढला आणि कोपऱ्यातला नळ सोडून ठेवला. एवढ्या बारीक गोष्टीसाठी माणूस आयुष्यभर उपकृत राहू शकतो.

शेजारच्या पलंगावर पानाच्या गादीवाले एक गृहस्थ होते. अंगाने भरलेले, मोकळेढाकळे. त्यांनी चौकशी केली. "सिगारेट?" नाही. "दारू?" नाही. "गोड?" बेताचं. "मग तुम्ही आलात कशाला हो?" असं म्हणून ते हसले. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्याकडे त्यांच्या आजाराचं कारण होतं, अगदी अभिमानाने सांगण्यासारखं. माझ्याकडे काहीच नव्हतं. चोरी न करता चोर ठरावं तसं वाटत होतं मला.

भीती वाटत होती का? वाटत होती. सुजाता भेटायला आली की तिच्या हाताला घाम असायचा आणि मानसी उगाच मोठ्याने बोलायची. पण भीतीचं एक असतं, ती चार माणसांत सांगितली की हलकी होते. लाज सांगताच येत नाही. आणि मी तर सुजाताला बजावून ठेवलं होतं की बिल्डिंगमध्ये कुणालाही बोलायचं नाही.

गुडघा

घरी आलो त्या दिवशी गेटवर संदेश भेटला. संदेश माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, ग्रुपमधला सगळ्यात तगडा पोरगा. पोरगा म्हणतो, पण त्याचाच मुलगा आता नववीत आहे. मला रिक्षातून जपून उतरताना बघून तो धावत आला. "दादा, काय झालं? कुठे होतास एवढे दिवस?"

"गुडघा," मी म्हणालो. "लिगामेंट."

तोंडातून आपसूक आलं. सायकलवाल्यांनीच इतकी वर्षं शिकवून ठेवलेला शब्द. धावणाऱ्याचा गुडघा जावा यात कमीपणा नाही, उलट थोडी शानच आहे. सुजाताने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. संदेश हळहळला, माझी पिशवी वर घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "बर्फ लाव दादा. थंडीपर्यंत झकास होशील."

तिथून आमच्या घराची वाट लागली. सुजाताला जिन्यात, भाजीच्या गाडीवर, हळदीकुंकवाला माझ्या गुडघ्याबद्दल सांगावं लागायचं. खोटं बोलण्याची तिला सवय नाही. ती घरी येऊन भांडी आपटायची. मी बाहेर पडताना लंगडायचो. एकदा मानसी मागून कुजबुजली, "पप्पा, काल डावा होता." मला हसू आलं. तिला आलं नाही.

एके दिवशी सुजाता बोललीच. "तुम्हाला मेलेलं चालेल, पण आजारी दिसलेलं चालणार नाही. बरोबर ना?" मी म्हणालो, तसं काही नाही. पण तसंच होतं.

चादरीखालची सायकल

डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्ट्रेस टेस्ट होईपर्यंत धावायचं नाव काढू नका. सपाटीवर चाला. थंडीत दमसास टिकवायचा असेल तर घरात सायकल चालवा, हलकी, बोलता येईल इतपतच. "धावताना तुम्ही स्वतःला आवरणारे दिसत नाही," ते म्हणाले. एका भेटीत त्यांनी मला ओळखलं होतं.

मुलुंडला माझ्या मेव्हण्याकडे व्यायामाची सायकल होती. त्याने ती हौसेने घेतलेली, आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नव्हता. ती टेम्पोतून आली. टेम्पो मी मुद्दाम दुपारी बोलावला, सगळे कामावर असताना. हॉलमध्ये टीव्हीसमोर तिची स्थापना झाली. दाराची बेल वाजली की मानसी तिच्यावर चादर टाकायची.

बोलता आलं पाहिजे, हे सुजाताने फारच मनावर घेतलं. मी पायडल मारायचो आणि ती समोर लसूण सोलत बसून मला बोलतं ठेवायची. सुरुवातीला मी चिडायचो. मग एकदा मी तिला वडिलांचं सांगितलं, भिंतीला टेकून बसलेले वडील. ते मी इतक्या वर्षांत तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. लसूण सोलायची थांबून ती ऐकत राहिली. त्या सायकलने मला दिलेली ती एक चांगली गोष्ट. पण तेव्हाही माझं अर्धं लक्ष खिडकीकडे असायचं. समोरच्या बिल्डिंगमधून कुणी बघत नाही ना? कॅप्टन बसून व्यायाम करतोय?

वळणावर

जानेवारीत आमचा ग्रुप वर्षातली मोठी दौड करतो. प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी, बिल्डिंगपासून आरेत आणि परत. घरोघरची माणसं टाळ्या वाजवायला उतरतात. संदेश घरी आला आणि म्हणाला, "दादा, आता गुडघा बरा दिसतोय. यंदा पुढे तूच पाहिजेस यार. तुझ्याशिवाय मजा नाही." चादरीखालची सायकल त्याच्या पाठीमागेच होती. मी म्हणालो, "येतो."

चालायला जातो सांगून एका सकाळी मी बूट घातले आणि आरेत गेलो. गवतावर दव होतं, हवा छान गार होती. पहिली काही मिनिटं मी धावलो, आणि इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, काही झालेलंच नाही मला. मग वळणावरचा चढ लागला आणि पाट परत आला. तोच पाट, तीच जागा.

मी रस्त्याच्या कडेला मातीत बसलो आणि जिभेखाली गोळी ठेवली. त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला मरायची भीती वाटली नाही. कुणी सायकलवाला येईल, याची वाटली.

गोळीने दुखणं ओसरलं. मी घरी आलो. सुजाताने माझ्या बुटांची माती बघितली, पँटच्या मागची माती बघितली. "दुखलं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "छे." तिने ओटा पुसला, पदर खोचला आणि एक नारळ घेऊन खाली गेली. मला वाटलं, सोलून आणायला गेली.

गाऱ्हाणं

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी सत्यनारायण. पूजा आटोपली की भिकूतात्या गाऱ्हाणं घालतात. तात्या ऐंशीच्या पुढचे, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. आमच्याकडच्यांना गाऱ्हाणं सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. ज्याला स्वतःचं काही मागायचं असेल त्याने तात्यांकडे आधी नारळ द्यायचा. आणि मोघम मागायचं नाही. कोण, काय झालंय, काय हवंय, सगळं उघड.

मांडवात आख्खी बिल्डिंग होती. धावणारे, सायकलवाले, बायका, पोरंटोरं. मी पुढेच बसलो होतो, एक पाय लांब करून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरांनी तुझी सेवा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुणाच्या मुलीची परीक्षा झाली, कुणाची नोकरी झाली. मग तात्यांनी एक नारळ उचलला. मला तो ओळखू आला नाही. नारळ कसा ओळखू येणार?

"बा देवा म्हाराजा! दुसऱ्या माळ्यावरचा तुझा लेकरू दिगंबर, तेका दिवाळेच्या आधी हार्ट अटॅक इलो रे म्हाराजा!"

क्षणभर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मग "व्हय म्हाराजा!" असा आवाज उठला. त्यात एक आवाज माझा होता. लहानपणापासूनची सवय. तात्या थांबले की तोंड आपलं आपण उघडतं. मी स्वतःच, सगळ्यांच्या देखत, घसा ताणून होकार दिला होता.

"तेच्या काळजाच्या शिरेत जाळी घातली हा, ती सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाजेन तेणा कोणाक सांगूक नाय, तेका क्षमा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि येत्या आयतवारी तेका धावूची बुद्धी झाली आसा, ती बुद्धी मोडून काढ रे म्हाराजा!"

हे सगळ्यात जोरात झालं. मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसू आवरेना तसं पसरत गेलं. मी लांब केलेला पाय हळूच जवळ घेतला. कान तापले होते. वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं. सुजाता बायकांत बसली होती. ती हसत नव्हती, रडत होती.

प्रसाद घेताना लोक जवळ आले. कुणी खांद्यावर हात ठेवला. सायकलवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "कॅप्टन, सांगायचं ना रे." तो मला चिडवत नव्हता, आणि मला तेच सोसवलं नाही. मी प्रसाद न खाताच वर आलो.

दुसऱ्या दिवशी सुजाताने मला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं आणि बुटांच्या मातीसकट सगळं सांगितलं. मग जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. गोळ्या बदलल्या, चढ बंद, सायकल चालू.

संदेश

डॉक्टरांकडून परत आलो तर संदेश जिन्यात बसलेला. ऑफिसला गेला नव्हता. मला वाटलं, रागावलाय. मी म्हणालो, "सॉरी रे. खोटं बोललो तुझ्याशी."

तो म्हणाला, "दादा, तुला नक्की कसं झालं होतं?"

मी सांगितलं. पाट, जबडा, घाम.

तो आपल्या हाताकडे बघत होता. "मला चढावर तसंच होतं. दिवाळीपासून. मी आमसूल घेतोय."

"आणि कुणाला बोलला नाहीस?"

"तूच सांगायचास ना, छाती भरून आली म्हणजे इंजिन तापतंय, सोडू नका, रेटा. मग मी रेटत होतो." तो ओशाळून हसला. "मला वाटलं, कॅप्टन गुडघा घेऊन बसलाय आणि मी एवढ्याशा जळजळीने काय मागे राहू?"

मी हे म्हणायचो. चाळीस जणांपुढे, दर रविवारी. जाळी बसल्यावरसुद्धा मी ते मागे घेतलं नव्हतं, कारण मागे घेतलं तर का घेतलं ते सांगावं लागलं असतं. मी संदेशला जिन्यातूनच उठवलं. त्याची बायको वैशाली घरी होती, तिला हाक मारली, आणि तिघं रिक्षाने निघालो. पुढच्या गेटने.

त्याच्या दोन शिरा जवळजवळ बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, रविवारी हा त्या दौडीत असता तर सांगता येत नाही. त्याला आत घेतलं. वैशाली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिने बराच वेळ मोबाइल उलटा-सुलटा केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊजी, तुम्हाला ऑक्टोबरमध्ये कळलं होतं ना?"

"हो."

"ह्यांना का नाही सांगितलंत? रोज भेटत होतात."

"लाज वाटली गं."

तिने मान वळवली. आवाज चढवला नाही. "आणि हे गेले असते तर? खांदा द्यायला आला असतात, का तेव्हाही लाज वाटली असती?"

थोड्या वेळाने आतून सिस्टर आली आणि म्हणाली, तो बरा आहे, भेटू शकता. वैशाली उठून आत गेली. मला या म्हणाली नाही, म्हणून मी बाकावरच बसून राहिलो.